‘म्हणाला नसेल, पण म्हणू शकतो ना!’ : अमेरिकी निवडणुकीतल्या खोट्या आणि अर्ध्या कोट्सची गोष्ट

२०१६ चा ऑक्टोबर महिना. मी तेव्हा नाशिकला कॉलेजात होतो. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीशी माझा संबंध एवढाच, की माझा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो आणि त्याला तिथे मत देता येतं. तरी मी हिलरी क्लिंटनचा कट्टर समर्थक होतो. का, ते विचारू नका. आयपीएलमध्ये आपण एखादी टीम पकडतो ना, तसंच काहीसं.

एका रात्री मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. तरुणपणीचे डोनाल्ड ट्रम्प आणि शेजारी त्यांचं ‘वाक्य’. मी कधी उभा राहिलोच तर रिपब्लिकन पक्षाकडून राहीन, कारण त्यांचे मतदार देशात सगळ्यात मूर्ख आहेत आणि फॉक्स न्यूजवर दाखवलेलं काहीही खरं मानतात, असा त्याचा आशय. खाली बारीक अक्षरात ‘पीपल मासिक, १९९८’. मी वर लिहिलं, "बघा, स्वतःच बोललाय!"

दहा मिनिटांत दादाचा मेसेज आला. "हे खोटं आहे. असं तो कुठेही म्हणालेला नाही."

मी शोधलं. दादा बरोबर होता. स्नोप्स या फॅक्ट-चेक करणाऱ्या साइटने २०१५ मध्येच हा कोट बनावट ठरवला होता आणि पीपल मासिकालाही आपल्या जुन्या अंकांत असं काही सापडलं नव्हतं. आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी लिहिलं, "म्हणाला नसेल, पण म्हणू शकतो ना!"

दादा म्हणाला, "तू पण मावशीला म्हणू शकतोस की आजचा स्वयंपाक बेकार झालाय. टाकू का तुझ्या नावाने?"

तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. पण गेल्या काही वर्षांत अमेरिकेच्या निवडणुकांमधले व्हायरल कोट्स बघताना मला माझंच ते वाक्य सारखं आठवतं. खोटा कोट पळतो तो तंत्रज्ञानावर कमी आणि या ‘म्हणू शकतो ना’वर जास्त. आपण ज्याचे विरोधक असतो, त्याचं एक चित्र आपल्या डोक्यात आधीच तयार असतं. त्या चित्राला शोभेल असं वाक्य समोर आलं की आपण पुरावा मागतच नाही.

तो १९९८ चा कोट नीट बघा. मासिकाचं नाव आहे, साल आहे, म्हणजे कुणीतरी अंक उघडून बघितलाय असं वाटतं. पण फॉक्स न्यूज सुरू झालं ऑक्टोबर १९९६ मध्ये. १९९८ मध्ये ते जेमतेम दोन वर्षांचं चॅनेल होतं, आज त्याचं रिपब्लिकन मतदारांवर जे वजन आहे ते तेव्हा नव्हतं. शिवाय १९९९ मध्ये ट्रम्प रिपब्लिकन पक्ष सोडून रिफॉर्म पार्टीत गेले होते. म्हणजे २०१५ मधल्या कुणीतरी २०१५ ची समज १९९८ च्या तोंडात घातली होती. बनावट कोट पुष्कळदा असाच पकडला जातो, तो जरा जास्तच फिट बसतो.

पूर्ण खोटं सोपं, अर्धं खरं अवघड

पूर्ण बनावट कोट शोधणं त्यामानाने सोपं. खरी पंचाईत होते ती खऱ्या भाषणातून कापलेल्या वाक्याची. तिथे व्हिडिओ खरा, आवाज खरा, माणूसही खरा. फक्त आधीची आणि नंतरची तीस सेकंदं गायब.

१६ मार्च २०२४ चं उदाहरण घ्या. ओहायो राज्यात डेटनजवळच्या सभेत ट्रम्प म्हणाले की मी निवडून आलो नाही तर ‘ब्लडबाथ’ होईल, देशात ब्लडबाथ होईल. क्लिप काही तासांत जगभर गेली. आपल्याकडेही ‘ट्रम्प यांची रक्तपाताची धमकी’ अशा धाटणीच्या पोस्ट फिरल्या. पण त्याच्या आधीची वाक्यं ऐकली तर ते मेक्सिकोत कारखाने काढून अमेरिकेत गाड्या विकू पाहणाऱ्या चिनी कंपन्यांबद्दल बोलत होते. त्या गाड्यांवर १०० टक्के कर लावू, असं सांगत होते. इंग्रजीत ब्लडबाथ हा शब्द धंद्यातल्या प्रचंड नुकसानीसाठीही सर्रास वापरतात. मराठीत त्याचं सरळ ‘रक्तपात’ केलं की हा दुसरा अर्थ जागच्या जागी मरतो.

मग विषय मिटला का? नाही. ‘देशात’ हा शब्द ते स्वतः बोलले होते, आणि ६ जानेवारी २०२१ ला त्यांच्या समर्थकांनी संसदेच्या इमारतीवर केलेला हल्ला लोक विसरले नव्हते. म्हणून विरोधक म्हणाले की हा निव्वळ गाड्यांचा विषय नाही. त्यावर वाद होऊ शकतो आणि तो करावा. पण वाद घालायला आधी पूर्ण परिच्छेद समोर हवा. दहा सेकंदांची क्लिप बघणाऱ्याला वाद आहे हेच कळत नाही.

याचंच उलटं टोक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिसलं, आणि हा किस्सा मला सगळ्यात आवडतो कारण त्यात अख्खा गोंधळ एका बारीकशा चिन्हाचा आहे.

२७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमधल्या ट्रम्प यांच्या सभेत एका विनोदवीराने पोर्तो रिको बेटाला ‘तरंगतं कचऱ्याचं बेट’ म्हटलं. दोन दिवसांनी तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन एका ऑनलाइन बैठकीत त्याबद्दल बोलले. मला तिथे तरंगणारा एकच कचरा दिसतो तो म्हणजे ‘हिज सपोर्टर्स’, असं काहीसं ते म्हणाले आणि त्यापुढे लॅटिनो लोकांची बदनामी, ती कशी अमानुष आहे, असं पुढे गेले. आता इंग्रजीत हा शब्द दोन प्रकारे लिहिता येतो. ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे ते वर लटकणारं चिन्ह, घातलं नाही तर अर्थ होतो ‘त्याचे समर्थक हाच कचरा’. चिन्ह घातलं तर अर्थ होतो ‘त्याच्या समर्थकाने केलेली बदनामी हा कचरा’. एकात करोडो मतदारांना शिवी, दुसऱ्यात एका विनोदवीराच्या बोलण्यावर टीका. आणि गंमत म्हणजे कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. आपल्या देवनागरीत तर लिहायलाही दोन्हीकडे ‘सपोर्टर्स’च!

व्हाइट हाउसने चिन्ह घातलेला मजकूर प्रसिद्ध केला. नंतर असोसिएटेड प्रेसने बातमी दिली की तिथल्या अधिकृत लघुलेखकांच्या कार्यालयाचा या बदलाला आक्षेप होता, त्यांच्या नोंदीत ते चिन्ह नव्हतं. म्हणजे इथे ‘मूळ मजकूर बघा’ हा माझा लाडका सल्लाही तोकडा पडला, कारण मूळ मजकुरावरच भांडण होतं. तोपर्यंत ट्रम्प विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेला कचऱ्याच्या ट्रकमध्ये बसून फोटो काढून मोकळे झाले होते आणि त्यांचे काही समर्थक कचऱ्याच्या पिशव्या अंगात घालून सभांना येत होते. मतदानाला आठवडाही उरला नव्हता.

माझं मत विचाराल तर, बायडन बोलताना अडखळले आणि वाक्य त्यांच्या हातातून निसटलं. पण हे माझं मत आहे. रेकॉर्डिंग ऐकून तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

आणि मग एआय आलं

जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या हजारो मतदारांना फोन आला. पलीकडे बायडन यांचा आवाज. प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका, तुमचं मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, असा निरोप. आवाज एआयने बनवलेला होता. तिथल्या दूरसंचार नियामकाने हे फोन करवणाऱ्या राजकीय सल्लागाराला ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला. आवाज तयार करून देणाऱ्या माणसाने नंतर पत्रकारांना सांगितलं की त्याला वीस मिनिटंही लागली नव्हती.

जुलैमध्ये कमला हॅरिस यांच्या नकली आवाजातला एक प्रचार-व्हिडिओ आला. मूळ बनवणाऱ्याने त्यावर ‘पॅरडी’ म्हणजे विडंबन असं लिहिलं होतं. इलॉन मस्क यांनी तो एक्सवर शेअर केला तेव्हा ती पाटी नव्हती. व्हिडिओ तोच, पण शेअर करताना एक शब्द गळला आणि विनोदाची अफवा झाली. स्क्रीनशॉट काढताना आपण वरचा भाग क्रॉप करतो ना, तेव्हा नेमकं हेच होतं.

पण एआयचा मला सगळ्यात भीतीदायक वाटणारा उपयोग खोटं बनवण्याचा नाहीच. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या विमानतळावर हॅरिस यांची सभा झाली. हजारो लोक होते, तिथे पत्रकार होते, अनेकांचे व्हिडिओ होते. तरी ट्रम्प यांनी लिहिलं की ही गर्दी एआयने बनवलेली आहे, तिथे कुणीच नव्हतं. खोटे फोटो बनू शकतात हे एकदा सगळ्यांना कळलं, की खऱ्या फोटोलाही खोटं म्हणता येतं. ‘म्हणू शकतो ना’चा हा जुळा भाऊ, ‘बनवू शकतात ना’.

हसताना बाजूला काय चाललं होतं

१० सप्टेंबर २०२४ च्या डिबेटमध्ये ट्रम्प म्हणाले की स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित लोक कुत्री-मांजरं खातायत. त्या वाक्याची गाणी झाली, रील्स झाल्या. मीही दोन-तीन पाठवल्या असतील.

स्प्रिंगफील्ड हे ओहायोतलं साधारण साठ हजार वस्तीचं गाव. तिथे हैतीहून आलेले हजारो लोक काम करतात. अफवेचा एक उगम होता एका स्थानिक फेसबुक ग्रुपवरची पोस्ट, तीही ऐकीव, शेजारणीच्या ओळखीत कुणाचं तरी मांजर वगैरे. शहराच्या प्रशासनाने सांगितलं की अशी एकही विश्वासार्ह तक्रार आमच्याकडे नाही. पण डिबेटनंतर गावात तीसहून जास्त बॉम्बच्या धमक्या आल्या. सगळ्या खोट्या निघाल्या, पण शाळा रिकाम्या कराव्या लागल्या, आणि शेवटी रिपब्लिकन पक्षाच्याच गव्हर्नरांनी शाळांमध्ये राज्य पोलिस पाठवले. आपण ज्या वाक्यावर रील बनवून हसत होतो, त्या वाक्यामुळे कुणाची तरी पोरं वर्गातून बाहेर काढली जात होती.

याच प्रकरणात उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांना सीएनएनवर विचारलं गेलं. माध्यमांचं लक्ष वेधण्यासाठी मला गोष्टी ‘तयार’ कराव्या लागल्या तर मी करीन, असं ते म्हणाले. लगेच पोस्ट फिरल्या, ‘अफवा बनवल्याची कबुली!’ पण त्याच मुलाखतीत त्यांनी पुढे खुलासा केला होता की ‘तयार करणं’ म्हणजे माध्यमांना तिकडे बघायला लावणं, तक्रारी आम्हाला मतदारांकडूनच आल्या. खुलासा पटो न पटो (मला पटला नाही), तो त्याच मुलाखतीत होता. अफवा उघडी पाडायला निघालेल्या लोकांनीही तो कापला. मला व्हान्स आवडत नाहीत, म्हणून मीही तो कापलेला स्क्रीनशॉटच आधी बघितला आणि खूश झालो. आठ वर्षांत एवढीच प्रगती!

फोनवर करण्यासारखं

लांबलचक यादी देत नाही, मी स्वतः जे करतो तेवढंच सांगतो. कोट दिसला की आधी ‘कुठे आणि कधी म्हणाला’ हे त्याच पोस्टमध्ये शोधायचं. नसेल तर तिथेच शंका. असेल तर त्या सभेचा किंवा मुलाखतीचा पूर्ण व्हिडिओ यूट्यूबवर शोधायचा, वर्णनाखाली ट्रान्स्क्रिप्टचा पर्याय असतो, तो उघडून कोटमधला शब्द हुडकायचा आणि तिथून एक मिनिट मागे जाऊन ऐकायचं. अमेरिकेच्या राजकारणासाठी सी-स्पॅनचा संग्रह उत्तम. तिथे सभा न कापता ठेवलेल्या असतात. फोटो असेल तर गूगल लेन्स.

व्हॉट्सॲपचं ‘फॉरवर्डेड’ लेबल उपयोगी आहे, पण कुणी तो फोटो सेव्ह करून पुन्हा टाकला तर लेबल जातं. २०१६ मध्ये तर हे लेबलच नव्हतं. म्हणूनच सगळ्यांना वाटलं की मीच कुठूनतरी शोधून आणलाय. आणि फेसबुक-इन्स्टाग्रामच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. मेटाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतला बाहेरच्या संस्थांकडून होणारा फॅक्ट-चेकचा कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि वापरणाऱ्यांनीच टिपा लिहायच्या, हा एक्ससारखा मार्ग धरला. टिपा चांगल्या असतात, पण त्या येईपर्यंत पोस्ट आत्याच्या ग्रुपवर पोहोचलेली असते.

आमच्या ग्रुपवर दादाने आता नवीनच सवय लावलीय. कुणीही कुठल्याही नेत्याचा कोट टाकला, अमेरिकेचा असो की आपल्या वॉर्डातला, की तो फक्त दोन शब्द लिहितो, "कुठे म्हणाला?" परवा मामांनी एक टाकला. दादाचा प्रश्न आला. अर्धा तास शांतता. मग मामांनी तो डिलीट केला आणि त्याजागी सूर्योदयाचा फोटो टाकला.