गरम पाण्याच्या गावात, तीन पिढ्यांची सुट्टी

मुलगा-सून किंवा लेक-जावई ब्रिटनमध्ये असले, की आईबाबांची एक फेरी तिकडे ठरलेलीच असते. लंडन बघून झालं, की पुढचा प्रश्न येतो : आता सगळे मिळून कुठे जायचं? हल्ली या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर म्हणजे ‘हॉट टबवालं कॉटेज’. अख्खं घर आपल्या ताब्यात, स्वयंपाकघर आपलं आणि अंगणात गरम पाण्याचा टब. फोटो बघूनच मन भुलतं. पण अशी सुट्टी कुणाची मजेत जाते आणि कुणाची दमछाक होते, हे टबवर अवलंबून नसतं. ते बुकिंगच्या आधी विचारलेल्या पाच-सहा साध्या प्रश्नांवर ठरतं.

उदाहरण म्हणून बाथ घेऊ. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून साधारण दीड तासात ट्रेनने पोहोचता येणारं हे ऐतिहासिक शहर. नावातच आंघोळ!

जिथे पाणी गरम, तिथेच उतरायला बंदी

बाथमध्ये जमिनीतून सुमारे ४६ अंश सेल्सिअसचं पाणी वर येतं, रोज ११ लाख लिटरहून जास्त. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी त्यावर मोठं स्नानगृह बांधलं. आज तिथे संग्रहालय आहे. हिरवं, वाफाळतं कुंड काठावरून बघायचं, पाण्यात हातही घालायचा नाही. ते पाणी प्रक्रिया न केलेलं असतं.

याच झऱ्यांच्या पाण्यात खरोखर डुंबायचं असेल, तर २००६मध्ये सुरू झालेलं ‘थर्मे बाथ स्पा’ आहे. त्याच्या गच्चीवरच्या तलावातून जुनं शहर दिसतं. मात्र तिथल्या मुख्य इमारतीत १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. म्हणजे नातवंडं बरोबर असतील, तर एका मोठ्या माणसाला बाहेर थांबावं लागणार. घरच्या टबची खरी सोय इथे कळते. आजोबा आणि दहा वर्षांचा नातू एकत्र गरम पाण्यात बसू शकतील, अशी जागा शहरात मिळणं कठीण.

आधी गुडघे, मग टब

बाथ हे टेकड्यांनी वेढलेलं शहर आहे. मधली घरं अठराव्या शतकातली, उंच आणि अरुंद. संरक्षित वास्तू असल्याने त्यात मनासारखे बदल करता येत नाहीत, त्यामुळे लिफ्टची अपेक्षा ठेवू नका. जिने उभे असतात आणि बऱ्याचदा बेडरूम एका मजल्यावर, बाथरूम दुसऱ्यावर. रात्री दोनदा उठणाऱ्या आजींसाठी ही मोठीच गैरसोय.

शिवाय टबला मोकळं अंगण लागतं. म्हणून हॉट टबवाली बरीच कॉटेज शहराबाहेरच्या खेड्यांत असतात. तिथे जागा ऐसपैस मिळते, पण गाडीशिवाय अडचण होते, कारण खेड्यांतल्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात. गाडी असेल तर ती जुन्या शहरात न नेता लॅन्सडाउन, न्यूब्रिज किंवा ऑड डाउन इथल्या ‘पार्क अँड राइड’मध्ये ठेवा आणि बसने मध्यभागी या.

कॉटेज निवडताना पहिली अट एकच ठेवा : तळमजल्यावर एक बेडरूम आणि त्याच मजल्यावर टॉयलेट. ही अट पूर्ण करणारी घरं बाजूला काढा आणि त्यातून टब शोधा. उलट्या क्रमाने गेलात, तर आईबाबांना ‘चालवून घ्या’ म्हणायची वेळ येते. आणि ते चालवून घेतात, हीच तर अडचण आहे.

मालकाला हे विचाराच

- टब फक्त आपल्यासाठी की शेजारच्या कॉटेजबरोबर सामाईक?
- प्रत्येक पाहुण्यानंतर पाणी बदलता का? क्लोरीन किंवा ब्रोमीनची तपासणी रोज होते का, त्याची नोंद ठेवता का?
- आम्ही पोहोचू तेव्हा पाणी तापलेलं असेल का? हजार-दीड हजार लिटर पाणी तापायला कित्येक तास लागतात. लाकडावर तापणारा टब असेल, तर जाळ कुणी घालायचा?
- टबला पायऱ्या आणि धरायला दांडी आहे का? टबची भिंत कमरेएवढी असते, पाय उचलून आत जावं लागतं.
- झाकणाला कुलूप आहे का? लहान मूल बरोबर असेल, तर हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.
- टब बंद पडला, तर पैसे किती परत मिळतील?

पाण्याबद्दलचे प्रश्न विचारताना संकोच नको. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात झऱ्याचं नवं पाणी येत राहतं. टबमध्ये मात्र तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरवलं जातं. औषधाचं प्रमाण चुकलं, तर कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतात. ज्येष्ठांना आणि दम्यासारखे आजार असलेल्यांना याचा धोका जास्त. पाणी गढूळ दिसलं, कडेला बुळबुळीत लागलं किंवा विचित्र वास आला, तर कुणीही उतरू नका. थेट मालकाला फोन करा.

कुणी उतरायचं, किती वेळ?

टबचं पाणी ४० अंशांच्या वर कधीच नसावं. ज्येष्ठ आणि मुलांसाठी ३७ अंशांच्या आसपास पुरे. १० ते १५ मिनिटं बसा आणि बाहेर या. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि पटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे हमखास जाणवतं. हृदयविकार, मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असेल, तर भारतातून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या. गरोदर स्त्रिया आणि चार वर्षांखालील मुलं यांनी टब टाळावा. वाइनचा ग्लास हातात घेऊन टबमध्ये बसलेली जोडपी जाहिरातीतच शोभतात. दारू आणि गरम पाणी एकत्र नको.

आपल्याकडची एक खास गोष्ट : केसांना तेल लावून टबमध्ये जाऊ नका. आधी शॉवर घ्या. तेल आणि क्रीम गाळणीत अडकतं, पाण्याला फेस येतो. सुती कपड्यांचे धागे सुटतात, म्हणून घट्ट विणीचे पोहण्याचे कपडेच बरे. बाहेरची फरशी ओली आणि निसरडी असते, तेव्हा रबरी चपला आणि मोठा टॉवेल हाताशी हवा.

लाज वाटते? मग पाळ्या लावा

हा विषय कुणी मोठ्याने बोलत नाही, पण प्रत्येक घरात असतो. सासरे आणि सून एकाच टबमध्ये? सासूबाई पोहण्याच्या कपड्यात? बऱ्याच आजी ‘मला सर्दी होईल’ म्हणतात, तेव्हा खरं कारण सर्दी नसतं.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्याच संध्याकाळी पाळ्या ठरवा. आधी आजोबा आणि नातवंडं, मग घरातल्या बायका, मुलं झोपल्यावर नवरा-बायको. बायकांच्या पाळीत बाकीच्यांनी घरात राहायचं, पडदे ओढायचे. आजींना लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टॉप घेऊन द्या, भारतात सहज मिळतो. आणि तरीही त्या नको म्हणाल्या, तर आग्रह नको. काठावर खुर्ची आणि चहाचा कप, हीसुद्धा सुट्टीच आहे.

स्वयंपाकघर : सुट्टी कुणाची?

कॉटेजमध्ये स्वयंपाकघर असतं, हे आपल्याला वरदान वाटतं. पण घरातली जी बाई वर्षभर रांधते, तिने तिथेही पोळ्या लाटल्या, तर तिच्यासाठी बदललं काय? जाण्याआधीच ठरवा : एक जेवण बाहेर, एक तयार आणलेलं आणि एक घरच्या पुरुषांनी किंवा मुलांनी केलेलं. खिचडी सगळ्यांना येते.

तिथे बऱ्याचदा इंडक्शन शेगडी असते, त्यावर साधा अॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही. फोडणी देताना खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. भारतातून जाताना मसाले, डाळी न्या. पण दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप आणि पेढे घरीच ठेवायचे.

तीन रात्रींचा आराखडा

ही कॉटेज बहुधा शुक्रवार ते सोमवार किंवा सोमवार ते शुक्रवार अशी मिळतात. आत जायची वेळ दुपारी चारच्या सुमारास, निघायची सकाळी दहाच्या.

शुक्रवारी फक्त पोहोचा, सामान लावा, टबची पाळी घ्या. शनिवारी सकाळी रोमन स्नानगृह, शेजारचं ॲबी चर्च आणि दोन्ही बाजूंना दुकानं असलेला पुल्टनी पूल. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याजोगी आहेत. रविवारी रॉयल क्रेसेंट, म्हणजे अर्धचंद्राकार ओळीत उभी ३० घरं, १७६७ ते १७७४च्या दरम्यान बांधलेली. तिथे जाताना चढ आहे, म्हणून वर टॅक्सीने जा आणि उतारावर चालत या. समोरच्या रॉयल व्हिक्टोरिया पार्कमध्ये मुलांना खेळायला मोठी जागा आहे. दोन्ही दिवशी चारपर्यंत घरी परत.

महिना निवडताना एक हिशेब करा. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि पुष्कळ ठिकाणी दहानंतर टबमध्ये गप्पा-गाण्यांना बंदी असते. चांदण्यात बसायचं स्वप्न त्यात राहून जातं. ऑक्टोबर किंवा मार्चमध्ये अंधार लवकर पडतो, हवा गार असते आणि गरम पाण्याची खरी मजा येते. मात्र तिथल्या शाळांच्या सुट्ट्या फेब्रुवारी, मेअखेर आणि ऑक्टोबरअखेर येतात, तेव्हा भाडं चढतं. नाताळ बाजाराच्या दिवसांत बाथमध्ये पाय ठेवायला जागा नसते. हे आठवडे टाळा.

आणि बुकिंगचं बटण दाबण्याआधी कॉटेजचे फोटो आईबाबांना दाखवा. टबचे नाही, जिन्याचे आणि बाथरूमचे. त्यांनी मनापासून ‘जमेल’ म्हटलं, की मग पैसे भरा.