‘सौम्य’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे

तेजाब हा शब्द फारसीतला. तेज आणि आब, म्हणजे जहाल पाणी. उर्दू माध्यमातली मुलं हा शब्द घरूनच घेऊन येतात. त्यामुळे ‘तीव्र आम्ल’ म्हणजे जास्त जाळणारं आणि ‘सौम्य आम्ल’ म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ ती सहज लावतात. मराठी माध्यमातही वेगळं घडत नाही. मी भाषेचा शिक्षक, तरी या धड्याबद्दल लिहितोय, कारण हा घोटाळा शब्दांचा आहे.

रसायनशास्त्रात आम्लाची तीव्रता एकाच गोष्टीवर ठरते: पाण्यात गेल्यावर त्याचे रेणू हायड्रोजन आयन किती सहज सोडतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू सोडतात, म्हणून ते तीव्र. सिरक्यातल्या अॅसिटिक आम्लाच्या ०.१ मोलर द्रावणात शंभरातला जेमतेम एखादा रेणू सोडतो, म्हणून ते सौम्य. हा कल मोजणारा आकडा म्हणजे विचरण स्थिरांक. अॅसिटिक आम्लाचा स्थिरांक २५ अंश सेल्सिअसला ०.००००१८ आहे. पाणी घालून द्रावण पातळ केलं तरी तो बदलत नाही. द्रावण किती दाट हा प्रश्नच निराळा, आणि त्यासाठी ‘संहत’ आणि ‘विरल’ हे निराळे शब्द आहेत.

हा फरक केवळ एका मार्काचा नाही. संहत अॅसिटिक आम्ल सौम्य असूनही कातडी भाजतं. हायड्रोफ्लुओरिक आम्लही सौम्य गटातलंच, पण ते काचेला खातं आणि कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर घाला घालतं. हायड्रोसायनिक आम्लाचा स्थिरांक तर अॅसिटिकपेक्षा हजारो पटींनी लहान, आणि तरी ते जीवघेणं विष आहे.

अकरावीत हा आकडा येतो तेव्हा आपण सूत्र पाठ करून घेतो आणि गणितं सोडवून घेतो. मुलाला उत्तर येतं, पण ‘सौम्य’चा घरचा अर्थ डोक्यात तसाच राहतो. माझं म्हणणं एवढंच, की सूत्राच्या आधी शब्द सोडवा. तीव्र-सौम्य आणि संहत-विरल या जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, मुलांना त्यांच्या बोलीत समजावून सांगायला लावा. त्यासाठी भाषेच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एक तास एकत्र घ्यावा. प्रयोगशाळेत बाटली उचलणाऱ्या हातांसाठी एवढं तरी आपण करायलाच हवं.