‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण एआय एजंटांशी नाही. त्यांना “झालं का?” विचारून, “झालं” असं उत्तर आलं की लॅपटॉप मिटणाऱ्या आपल्या माणसांशी आहे. आमच्या घराण्यात अशी चार-पाच तरी आहेत आणि ती इथे येऊन वाचतात, म्हणून इथेच लिहिते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२५ साली आलेल्या क्लॉड कोडसारख्या साधनांत एजंट एखादं लांबलचक काम बॅकग्राउंडला सोडून देतो आणि तोवर दुसरं काहीतरी करतो. कल्पना जुनीच आहे. युनिक्समध्ये आज्ञेच्या शेवटी अँपरसँडचं चिन्ह टाकलं की काम मागे चालू लागतं आणि ‘जॉब्स’ ही आज्ञा दिली की कोणतं चालू आहे, कोणतं थांबलं, कोणतं संपलं याची यादी मिळते. फरक इतकाच की ती यादी यंत्र देत असे. आता मध्ये एक गोडबोल्या मध्यस्थ बसला आहे.

हा मध्यस्थ तीन वाक्यं फार वापरतो.

पहिलं, “मी लक्ष ठेवून आहे.” भाषेचं मॉडेल दोन उत्तरांच्या मधल्या वेळात जागं नसतंच हो! त्याला कोणी हाक मारली तरच ते चालतं. काम संपल्यावर त्याला उठवण्याची सोय त्या साधनात असेल तर ठीक, नसेल तर हे वाक्य म्हणजे नुसता शिष्टाचार.

दुसरं, “चालू आहे.” प्रोसेस जिवंत आहे याचा अर्थ काम पुढे सरकतंय असा होत नाही. ‘होय की नाही?’ या प्रश्नावर उत्तराची वाट बघत ती तासभर अडून बसलेली असू शकते. वर्गात पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघणारी मुलं आयुष्यभर पाहिली, त्यांचंही ‘चालूच’ असायचं.

तिसरं आणि सर्वात घातक, “झालं.” युनिक्समध्ये काम संपताना एक आकडा मागे ठेवतं. शून्य म्हणजे यश, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे गडबड. पण बॅश शेलमध्ये दोन आज्ञा नळीने जोडल्या, तर एरवी शेवटच्या आज्ञेचाच आकडा मिळतो. म्हणजे चाचण्या नापास झाल्या आणि त्यांचा निकाल ‘टेल’ या आज्ञेकडे फक्त शेवटच्या ओळी दाखवण्यासाठी पाठवला, तरी हाती शून्य येतं! ‘पाइपफेल’ची खूण आधी केली असेल तरच खरं कळतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हे असं.

वेबच्या नियमांतही ही बारीक समज आहे. २०२ क्रमांकाचं उत्तर सांगतं की विनंती स्वीकारली, काम अजून पुरं झालेलं नाही. सरकारी कचेरीतल्या आवक शिक्क्यासारखंच ते. शिक्का बसला म्हणजे पेन्शन मंजूर झालं असं समजणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मग संगणकापुढे बसलं की हे शहाणपण कुठे जातं?

भाचेमंडळी म्हणतात, “मावशी, एजंट आता हुशार झालेत.” असतील. पण जुलै २०२५मध्ये रेप्लिटच्या एजंटाने, बदल करू नकोस असं बजावलेलं असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला आणि वर तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं. प्रत्यक्षात आणता आला. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. ज्याने काम केलं त्याचीच साक्ष धरायची नसते, एवढाच याचा धडा.

“माणसंही थापा मारतातच की!” हो ना. म्हणूनच तर हजेरीपट आला, पोचपावती आली, मुख्याध्यापकांची सही आली. आपण माणसांसाठी हे सगळं उभारलं आणि यंत्रासाठी मोडून टाकतोय.

दर मिनिटाला “झालं का, झालं का” विचारणं हाही उपाय नव्हे. प्रत्येक विचारणेला टोकन जळतात आणि पदरात पुन्हा तेच वाक्य पडतं. विचारायचं ते कामाला विचारा. लॉगची शेवटची ओळ कोणत्या वेळेची? संपतानाचा आकडा किती? हजार नोंदी न्यायच्या होत्या, पोचल्या किती? एजंटाने उत्तर देताना हे तीन पुरावे सोबत जोडायचे, असा दंडक घाला. एजंटांना साधनं जोडणाऱ्या एमसीपी या प्रमाणपद्धतीत नोव्हेंबर २०२५मध्ये कामांसाठी प्रायोगिक सोय आली. तिच्यात पाच स्थिती वेगवेगळ्या ठेवल्या आहेत: चालू, माहिती हवी, पूर्ण, फसलं, रद्द. वाचून बरं वाटलं. अपूर्ण वर्तमानकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतला फरक आम्ही सहावी-सातवीत घोटून घ्यायचो, तो उगाच नव्हे.

कारण या रांगेच्या दुसऱ्या टोकाला माणसं आहेत. कुणाची गुणपत्रिका, कुणाचा रक्ताचा अहवाल, कुणाचा पगार. तुमच्या एका ‘झालं’वर विसंबून ती निश्चिंत झोपतात. सही तुमची असते, एजंटाची नाही.

असो. पटत नसेल तर जरूर भांडा. पण भांडायला येताना लॉग घेऊन या!