‘आडवी आली’ म्हणजे काय?

सायकलवरच्या बाईला मोटारीने उडवले की दुसऱ्या दिवशी पुष्कळदा एकच वाक्य वाचायला मिळते : ‘सायकलस्वार महिला अचानक आडवी आली.’ हे वाक्य कोणाचे? मोटार चालवणाऱ्याचे. बाई इस्पितळात बेशुद्ध असते, नाहीतर बोलायला उरलेलीच नसते. ज्याला बोलता येते त्याची हकीगत आधी कागदावर येते आणि पुढे भरपाईच्या दाव्यात तीच तिच्यावर उलटते. ही रीत आपल्याला नवी नाही. ‘एवढ्या रात्री ती तिथे गेलीच कशाला?’ हा प्रश्न आणि ‘आडवी आली’ हे उत्तर एकाच घरातले आहेत.

सायकलवर असते कोण? सकाळी चार घरची धुणीभांडी गाठणारी बाई, वस्तीवरून हायस्कूलला जाणारी मुलगी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या, तेव्हा आपण सर्वांनी त्याचे कौतुक केले. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. सायकल मिळाली, रस्ता मात्र मिळाला नाही. रस्ते रुंद झाले ते मोटारींसाठी.

कोणी म्हणेल, सायकलवालेही चुकतात. चुकतात ना! दिव्याशिवाय जातात, उलट्या बाजूने येतात. दुभाजक लांबवर तोडलेला नसेल तर कामाची वेळ गाठणारी बाई दुसरे काय करणार, हेही बघावे. पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. साधी सायकल वीसेक किलोची, मोटार हजार किलोच्या आसपास किंवा त्याहून जड. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. सायकलवालीची चूक तिच्या जिवावर बेतते आणि मोटारवाल्याची चूकही तिच्याच जिवावर बेतते. अशा दोघांच्या चुका एकाच तराजूत तोलणे म्हणजे समान न्याय नव्हे. जो रस्त्यावर जास्त धोका आणतो, त्याने जास्त जबाबदारी घ्यावी.

नेदरलँड्समध्ये हे तत्त्व कायद्यात आहे. १९७१ साली त्या छोट्या देशात तीन हजारांहून जास्त माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातून ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली आणि तीत तरुण आया पुढे होत्या. आज तिथे मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली, तर अपघात आपल्या हाताबाहेरचा होता हे मोटारवाल्याने सिद्ध करायचे. चौदा वर्षांखालील मुलांना जवळजवळ नेहमी पूर्ण भरपाई मिळते. मोठ्या माणसाची स्वतःची चूक असली तरी सहसा निदान निम्मी मिळते. हा तुरुंगाचा नव्हे, भरपाईचा कायदा आहे आणि पैसे विमा कंपनी देते.

आपल्याकडे काय आहे? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, १ एप्रिल २०२२ पासून, कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. याहून जास्त हवे तर कलम १६६ खाली दावा करायचा. तिथे चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि ‘तिचीही चूक’ म्हणून रक्कम कापली जाऊ शकते. ‘आडवी आली’ हे वाक्य महाग पडते ते इथे. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात.

मग प्रश्न येतो बाईच्या कमाईचा. ‘घरीच असते’ म्हटले की तिची किंमत शून्य! २००१ साली लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना तीन हजार रुपये धरले. २०१० साली अरुणकुमार अगरवाल प्रकरणात तर जनगणनेने गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवल्याबद्दल न्यायालयानेच खंत व्यक्त केली. घरकाम हे काम आहे, ही आपली जुनी मागणी आहे. अपघात दाव्याच्या अर्जात तिचे स्वयंपाकपाणी, मुले, म्हाताऱ्यांची सेवा, शेतातले राबणे हे सारे लिहून द्यायला हवे. मोलकरणीच्या पगाराची पावती नसते, म्हणून ती ज्या घरी काम करते तिथून लेखी घ्यावे.

मैत्रिणींनो, म्हणून अपघात झाला की मंडळाच्या दोघीजणींनी लगेच जावे. पंचनाम्याला हजर राहावे. मोडलेली सायकल दुरुस्त करू देऊ नये, फोटो काढावेत. बाई शुद्धीवर आली की तिची जबानी नोंदवून घ्यायला लावावी. साक्षीदारांची नावे लिहून ठेवावीत. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. तो ती राहते त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

आणि मागणी एवढ्यावर थांबवू नये. जड वाहनाने आपली बिनचूकता सिद्ध करावी, असा बदल कायद्यात हवा. नगरपालिकेकडे शाळेच्या आणि बाजाराच्या रस्त्यावर वेग कमी करायला आणि सायकलींना वेगळी जागा द्यायला सांगावे. बाई रस्त्यात आडवी येत नाही. रस्ता तिचाही आहे.