आदामाची लाज आणि आमची गोटमार

नातवंडांच्या खोलीत डोकावून आलेले आमचे वडीलधारे अलीकडे फार संतापतात. ‘आज त्यांनी आदाम-हव्वेला खेळात ओढले, उद्या आपल्या राम-कृष्णांना ओढतील, असल्या खेळांवर बंदीच हवी,’ असा एकूण सूर असतो. हा संताप आम्हांस मान्य नाही. खेळ निर्दोष आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही.

खेळाचे नाव ‘ॲसॅसिन्स क्रीड’. कर्ती ‘यूबीसॉफ्ट’ ही फ्रेंच कंपनी. मालिकेचा आरंभ 2007 साली झाला. 2009 सालच्या दुसऱ्या भागात कथा उलगडते ती अशी : मानवापूर्वी एक प्रगत जात पृथ्वीवर होती, तिने माणसे गुलाम म्हणून घडविली, आणि आदाम-हव्वेने त्या धन्यांचे ‘सफरचंद’ पळवून बंड केले. सफरचंद म्हणजे फळ नव्हे. मन ताब्यात ठेवणारे यंत्र!

जुनी कथा नव्याने सांगणे हा गुन्हा असेल, तर पहिला आरोपी फादर थॉमस स्टीफन्स ठरेल. या इंग्रज जेझुइटाने हाच आदाम मराठी ओवीत आणला. सुमारे 11 हजार ओव्यांचे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुराणश्रवणाला मुकलेल्या नवख्रिस्ती मराठी माणसाला त्याच्याच वळणाचे पुराण द्यावे, हा त्याचा हेतू होता. (आमच्या घरांतून ज्ञानेश्वरी असते, हा ग्रंथ किती जणांनी उघडला, हे आम्ही विचारीत नाही.) त्याने कथेचा वेष पालटला, गाभा सोडला नाही.

‘उत्पत्ती’च्या पुस्तकातील आदाम फळ खातो, आपण उघडे आहोत हे त्याला कळते, तो झाडांत लपतो आणि देवाने विचारताच दोष बायकोवर ढकलतो. किती ओळखीचा माणूस! खेळातील आदामाला लपावे लागत नाही. तो केवळ चोरी साधलेला वीर आहे. लाज गेली, पराक्रम उरला. आमचा आक्षेप एवढाच, पण तो बंदीवाल्यांच्या आक्षेपाहून जड आहे.

आणि तो उच्चारताना आमचीच जीभ अडखळते. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघे जांब नदी ओलांडताना दोन्ही तीरांवरून झालेला दगडांचा मारा, त्यात दोघांचा अंत : ही कथा आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. पण तिचा शेवट कोण सांगतो? दोन्ही गावे शरमली, दोघांचे देह चंडीमातेपुढे ठेवून पूजा केली आणि मग अग्नी दिला, असा तो शेवट आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळस रोवून, त्यावर झेंडा लावून, आपण उचलतो ते दगडच. जीव गेले, डोळे गेले. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. ते बाजूला पडले. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, तरी बाहेरगावी ओळख सांगताना आपण गोटमारीचेच नाव घेतो, आणि तेही अभिमानाने.

परदेशी कंपनीने परक्या कथेतून लाज काढली म्हणून निषेधाचा ठराव लिहू पाहणाऱ्या सभासदांस आमची विनंती आहे : पुढील पोळ्याच्या बैठकीत प्रथम आपल्या कथेचा शेवट नातवंडांसमोर, मराठीत, पूर्ण वाचावा. ठरावाचा कागद त्यानंतर मागवू.