ताटावरून अर्धपोटी उठणारी मुलगी



एरवी या सदरात ज्वारीवरची खोडमाशी नाहीतर डाळिंबावरचा तेल्या असतो. आजचा विषय घरातला आहे.

दहावी-बारावीची मुलगी आधी भात सोडते, मग तेल-तूप, मग दूध. सोमवार धरते, गुरुवार धरते. चतुर्थी, एकादशी आहेतच. आपल्या पंढरपूरच्या मुलखात उपासाला नावे कोण ठेवणार? आजी कौतुक करते आणि तोवर पोरीच्या हातापायांच्या काड्या होतात.

घरात कणगी भरलेली असताना असे वाळत जाणे हा एक आजार आहे. १८७४ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी त्याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले. तो क्वचित मुलांनाही होतो. तिकडच्या मुली 'मी जाड आहे' म्हणून जेवत नाहीत. आपल्याकडे तसे बोलणे होईलच असे नाही. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी १९९५ साली अशा पाच तरुणींची हकिकत छापली. जेवण नको, सारख्या उलट्या, वजन घटलेले, पाळी बंद. पण जाडीची भीती नव्हती. आपली मुलगीही 'पोट दुखतं', 'भूक नाही' एवढेच म्हणेल. म्हणूनच आपण फसतो, असे मला वाटते.

पाळी थांबणे, हातपाय गार पडणे, चक्कर, अंगावर बारीक लव येणे, भाकरी लपवणे, ही लक्षणे पाहा. क्षय, थायरॉइड, मधुमेह यांनीही वजन उतरते, म्हणून तपासणी आधी. 'लग्न झालं की सुधारेल' हा सल्ला मात्र कोणी देऊ नये.

पोर हट्टी झाली म्हणून रागावण्यात अर्थ नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुण स्वखुशीने सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर राहिले. ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, दिवसभर जेवणाचाच विचार करू लागले, ताटातले अन्न बराच वेळ चिवडत बसू लागले. म्हणजे उपासमारच मन असे करून टाकते. अन्न पोटात गेल्याशिवाय समजुतीच्या गोष्टी डोक्यात शिरत नाहीत.

पण घाई नको. दुष्काळात खंगलेल्या बैलापुढे एकदम धान्याची पाटी ठेवली तर काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. माणसात कारण वेगळे असते. रक्तातले फॉस्फरस एकाएकी उतरते आणि हृदयावर बेतते. फार खंगलेल्या मुलीचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा.

लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात जी पद्धत बसवली, तीत जेवणाची सूत्रे काही काळ आईवडिलांच्या हाती देतात. किशोरवयात ती चांगली लागू पडते. काय आणि किती वाढायचे ते दोघांनी एकमताने ठरवावे. ताट संपेपर्यंत एकाने शेजारी बसावे. टोमणा नाही, वजनाची चर्चा नाही. उपास बंद, आजाऱ्याला उपास नसतो, हे आजीनेच सांगितले तर उत्तम.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. टेली-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येते. मुलगी बेशुद्ध पडली किंवा छातीत धडधडू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शाळेत मागे घेतलेले वजन कुठे लिहिलेले असेल तर तो कागद सोबत न्या. किती उतरले, हे डॉक्टर आधी विचारतील.