केसपेपरचे वीस रुपये

२२ जून १८९७ ही तारीख महाराष्ट्राला पाठ आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षे झाल्याचा सोहळा त्या रात्री पुण्यात गणेशखिंडीत साजरा झाला आणि तेथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. याच राज्यारोहणाचे स्मारक म्हणून म्हैसूर संस्थानाने त्याच वर्षी बंगळुरूत एका रुग्णालयाची पायाभरणी केली. महाराजा अल्पवयीन होते; कारभार त्यांच्या मातोश्री, महाराणी केंपनंजम्मणी, पाहत होत्या आणि दिवाण होते के. शेषाद्री अय्यर. इमारत उभी राहत असतानाच, १८९८ साली, प्लेग बंगळुरूतही येऊन पोहोचला. ८ डिसेंबर १९०० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया रुग्णालयाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यात १४० खाटा होत्या.

एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या शहराच्या जुन्या किल्ल्याजवळ, कृष्णराजेंद्र मार्केटच्या गजबजाटात हे रुग्णालय आजही उभे आहे. त्या काळी बंगळुरू ही दोन शहरे होती. छावणीचा भाग ब्रिटिश रेसिडेंटच्या अखत्यारीत होता आणि १८६० च्या दशकापासून तेथे बोअरिंग रुग्णालय होते. पेठेचा भाग संस्थानाचा होता. व्हिक्टोरिया हे पेठेतल्या विणकर, हमाल आणि फेरीवाल्यांचे रुग्णालय झाले. पुढे डोळ्यांसाठी मिंटो रुग्णालयाची इमारत १९१३ साली झाली; १९३५ साली स्त्रिया व मुलांसाठी वाणी विलास रुग्णालय सुरू झाले, ज्याला त्याच महाराणींचे नाव आहे. प्लेगच्या त्या काळात बंगळुरूत काम केलेल्या डॉक्टरांत पद्मनाभन पल्पू हेही होते. एळवा जातीत जन्मले म्हणून त्रावणकोर संस्थानाने त्यांना नोकरी नाकारली होती. म्हैसूरने ती दिली. सार्वजनिक रुग्णालय कोणासाठी आणि कोणाच्या हातून चालते, हा प्रश्न या शहरात तेव्हापासूनचा आहे.

या रुग्णालयाचे दुसरे रूप शिक्षणाचे. १९२४ साली म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालय बंगळुरूतच सुरू झाले, पण १९३० साली ते म्हैसूरला गेले. त्यानंतर पाव शतकाने, १९५५ साली, बंगळुरू वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि व्हिक्टोरिया त्याचे अध्यापन रुग्णालय बनले. २००६ साली ही संस्था स्वायत्त झाली. अपघातात सापडलेला मजूर, भाजलेली सून, दिवाळीत फटाक्याने डोळा गमावण्याच्या बेतात असलेले पोर, असे सगळे याच आवारात येतात. २०२० साली कोविड आला, तेव्हा सरकारने सर्वांत आधी ज्या रुग्णालयांकडे पाहिले त्यांत हे एक होते. बंगळुरूत काचेच्या दर्शनी भिंतींची खासगी रुग्णालये पुष्कळ आहेत. पण साथीच्या पहिल्या दिवसांत आधार याच जुन्या दगडी इमारतीचा वाटला.

हा सारा इतिहास आठवण्याचे कारण एका लहानशा रकमेत आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये या संस्थेच्या रुग्णालयांतील शुल्क वाढवण्यात आले. बाह्यरुग्ण नोंदणीचे, म्हणजे आपण ज्याला केसपेपर म्हणतो त्याचे, १० रुपये होते ते २० झाले. तपासण्यांचे आणि वॉर्डाचे दरही वाढले. बऱ्याच वर्षांत दर बदलले नव्हते, असे सरकारचे म्हणणे होते. चार दिवस गदारोळ झाला आणि विषय मागे पडला.

या विषयावर मी तटस्थ नाही. नोकरीच्या मधल्या काळात एका राज्याच्या सचिवालयात असताना, शासकीय रुग्णालयांत ‘नाममात्र शुल्क’ घ्यावे अशी टिपणी मीच लिहिली होती. फुकटाची किंमत राहत नाही, शुल्कामुळे रुग्णात जबाबदारीची जाणीव येते, अनावश्यक गर्दी कमी होते, असे युक्तिवाद मी सुबक भाषेत मांडले होते. टिपणी मंजूर झाली. दोन वर्षांनी हिशेब पाहिला, तेव्हा पावत्या, कारकून आणि लेखापरीक्षण यांचा खर्च वजा जाता हाती फारसे काही उरत नव्हते. एका तालुक्याच्या ठिकाणी पाहणीला गेलो असताना खिडकीपाशी एक बाई नातवाला कडेवर घेऊन उभी होती. तिच्याकडे पैसे नव्हते असे नाही. पण तिने परतीच्या एसटीचे पैसे वेगळे बांधून ठेवले होते आणि त्या गाठीला हात लावावा की नाही, याचा ती विचार करीत होती. त्या दिवसाची तिची मजुरी तर बुडालीच होती. माझ्या टिपणीत एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज यांचा हिशेब कुठेच नव्हता.

आज त्या टिपणीतील मुख्य चूक मला निराळीच दिसते. अध्यापन रुग्णालय हे केवळ उपचाराचे ठिकाण नसते. तेथील रुग्ण आपले शरीर शिकण्यासाठी देतो. पाच विद्यार्थी एकामागून एक त्याच्या पोटावर हात ठेवून यकृत चाचपतात. तो निमूटपणे पडून राहतो. तोच प्रश्न सहाव्यांदा विचारला तरी उत्तर देतो. महाविद्यालयाला मान्यता किती जागांची मिळावी, हे ठरवताना खाटा आणि रुग्णसंख्या पाहिली जाते. म्हणजे त्या रांगेतल्या प्रत्येक माणसाच्या बळावर डॉक्टर घडतात आणि ते पुढे देशभर, परदेशातही जातात. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर येथे देणेकरी समाज आहे आणि धनको रुग्ण. आपल्याकडे गुरूला दक्षिणा देण्याची रीत आहे; गुरूकडून ती वसूल करण्याची नाही.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. रुग्णालयाच्या अधीक्षकाला कापूस, हातमोजे किंवा बंद पडलेल्या यंत्राचा एखादा भाग आणायचा तर मंत्रालयातून निधी येईपर्यंत महिने जातात. शुल्कातून जमलेली गंगाजळी त्याच्या हातात असते आणि म्हणून ती त्याला प्रिय असते. ही गरज खरी आहे. पण तिचे उत्तर अधीक्षकाला अर्थसंकल्पातूनच खर्चाचे स्वातंत्र्य देणे हे आहे. त्यासाठी आजारी माणसाच्या खिशात हात घालण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राने हातावर हात ठेवून शेजाऱ्याकडे पाहावे अशी स्थिती नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. निर्णय चांगला होता. मात्र जे. जे. किंवा ससूनसारखी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे ती त्याच्या कक्षेबाहेर राहिली. रुग्णाला विभाग कळत नाहीत. त्याला सरकारी दवाखाना एवढेच कळते. निःशुल्क उपचाराचा फलक लावला म्हणून औषधही मिळते असे नाही. बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी हातात पडली की केसपेपरच्या माफीचा अर्थ संपतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याच्या बातमीने देश हादरला. त्यानंतर औषधांचा साठा, रिक्त पदे आणि खाटांपेक्षा अधिक रुग्ण यांची चर्चा झाली. ही चर्चा दुर्घटनेनंतरच का होते, हा प्रश्न माझ्यासारख्या माजी अधिकाऱ्यांनी स्वतःला विचारला पाहिजे.

पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. १९९६ साली कोलकात्यातील एका जखमी मजुराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे आणि निधीची टंचाई ही सबब राज्याला सांगता येणार नाही. तत्त्वाची वाण नाही, निकालाचीही नाही.

करण्याजोग्या गोष्टी मोजक्या आहेत. अध्यापन रुग्णालयांतील नोंदणी व वॉर्डाचे शुल्क रद्द करावे आणि तेवढी रक्कम अर्थसंकल्पातून, वर्षाच्या आरंभीच, अधीक्षकाच्या हाती द्यावी. आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन विभागांत रुग्णाच्या हक्काबाबत एकच नियम असावा. कोणते औषध साठ्यात आहे आणि कोणते नाही, हे दररोज खिडकीवर लावावे. नव्या महाविद्यालयांच्या कोनशिला बसवण्याआधी जुन्या महाविद्यालयांतील रिक्त पदे भरावीत.

व्हिक्टोरिया रुग्णालय उभे राहिले तेव्हा ते राणीच्या नावाने दिलेले दान होते आणि दान घेणाऱ्याने हात जोडायचे असतात. आता राणी नाही, संस्थान नाही. रांगेत उभी असलेली माणसे त्या इमारतीची मालक आहेत. ती गाठ मारलेली पदराची कडा मला अजून आठवते. बाईने शेवटी गाठ सोडली आणि पावती घेतली. परतीच्या प्रवासाचे तिने काय केले, हे मी विचारले नाही.